सरी म्हणजे काय?

कल्पनाची पेटी चार महिने खाटेखाली जुन्या चादरीत गुंडाळून पडली होती. चिकपेटेतली वरची खोली देतानाच घरमालक नरसिंहरावांनी बजावलं होतं, "पेटी-बिटी चालणार नाही." नवरा विद्याधर दिवसभर विमानांच्या कारखान्यात. पुण्याहून नव्यानं आलेल्या कल्पनाचा जीव गाण्यावाचून नुसता कासावीस व्हायचा.

नरसिंहरावांना नाद एकच, पोकरचा. कंटोन्मेंटातल्या क्लबात कारकुनी करताना साहेबलोकांकडून उचललेला. दर रविवारी दुपारी जमखान्यावर डाव पडायचा, तोही चिंचोके लावून. पैसा लावला तर बायको जेवायला वाढायची नाही! त्या रविवारी नेहमीचे गडी लग्नाला गेले, म्हणून वरच्या जोडप्याला बोलावणं आलं.

कल्पनाला शिकवलं नरसिंहरावांच्या बायकोनं, अनुसूयाक्कांनी. "पाच पानं. जोडी चांगली, तीन सारखी त्याहून चांगली. नको ती एकदाच बदलायची. मग समोरच्यानं लावले तितके चिंचोके लाव, नाहीतर वाढव, नाहीतर पानं पालथी खाली ठेवून डाव सोड."

"आणि हातात काहीच नसलं तर?"

"तर स्वल्प हसायचं आणि वाढवायचं! आत काय आहे ते कुणाला दिसतंय?"

शेवटच्या डावाला नरसिंहराव खुशीत म्हणाले, "बोल, काय लावतेस?"

"जिंकले तर रोज सकाळी तासभर पेटी," कल्पना बोलून गेली. "हरले तर महिनाभर दर रविवारी पुरणपोळ्या."

विद्याधरनं कपाळाला हात लावला.

पानं आली ती अगदीच भिकार. तीन बदलली, तरी साधी जोडी जमेना. बाकी दोघांनी पानं टाकली. कल्पना जराशी हसली आणि होते नव्हते ते सगळे चिंचोके तिनं पुढे लोटले.

नरसिंहरावांनी तिच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग "सरी," म्हणाले, हातातली पानं पालथी खाली ठेवली आणि तपकिरीची डबी उघडली.

इकडच्या कानडीत सरी म्हणजे 'बरं', एवढं कल्पनाला ठाऊक होतं. मानली की हार म्हाताऱ्यानं! तिनं आनंदानं पानं उघडी टाकली. दुर्री, पंजी, सत्ती, नव्वी, गुलाम.

"अगं, मी 'सरी, बघू तुझी पानं' म्हणत होतो!" नरसिंहरावांनी आपली पानं उलटली. तीन राजे.

कल्पनाचा चेहरा पडला. "माझंच चुकलं, काका. मला अर्थ कळला नाही. पोळ्या करते मी."

"थांब गं," अनुसूयाक्का कडाडल्या. "पानं पालथी ठेवली की डाव सोडला, हा नियम कुणाचा?"

"तपकीर घ्यायला ठेवली मी!"

"चिंचोके लावलेत? एक तरी? आणि मागच्या रविवारी मी पदर सावरायला पानं ठेवली, तेव्हा काय म्हणालात?"

नरसिंहरावांना जोरात शिंक आली. नाक पुसून त्यांनी तिन्ही राजांकडे पाहिलं, मग कल्पनाच्या त्या गुलामाकडे, आणि पोट धरधरून हसत सुटले. "काहीच नव्हतं हातात, आणि मला घाम फोडलास! सरी."

"ह्या सरीचा अर्थ काय?" विद्याधरनं भीत भीत विचारलं.

"वाजव म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पनानं चादर सोडली. भाता हलवला आणि तिचे डोळे भरून आले. तिनं सूर लावला, "सा... रे..."

"सरी, सरी!" खालून नरसिंहराव ओरडले. "पुढचं वाजव की!"