अळीनं खाल्लेला आजार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तसे लोक पायऱ्यांवर आणि खिडक्यांच्या कट्ट्यांवर टेकले, आणि ज्याच्या त्याच्या मांडीवर एक बरणी. कुणाची कॉफीची, कुणाची जॅमची. आत लिंबाची पानं आणि एक हिरवी, गुबगुबीत अळी.

मंचावर अळीबाबा उभे होते. हे नाव लोकांनीच ठेवलेलं; बाबांनी ते मोठ्या मनानं चालवून घेतलं होतं.

"मंडळी, ही पान खात नाही! ही तुमचा आजार खाते! जितकी ही फुगेल, तितका तो रोडावेल!" असं म्हणून त्यांनी अळीला पेन्सिलीनं टोचलं. तिच्या डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं सर्रकन बाहेर आली आणि उग्र वास सुटला. "बघा, बघा! जीभ दाखवतोय! सापडलास ना, लबाडा?"

मग एका म्हाताऱ्या पोस्टमनचा कोश सगळ्यांदेखत उकलला. चुरगळलेल्या पंखांचं फुलपाखरू काडीवर चढलं आणि खाली पांढऱ्या रुमालावर लालसर थेंब पडला.

"हे आजाराचं रक्त!" बाबा गरजले. पोस्टमन ढसाढसा रडला. लोकांनी तोंडात बोटं घातली.

शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना हसू आवरेना. असल्या अळ्या त्या दरवर्षी वर्गात वाढवायच्या. पण पहिल्या रांगेत त्यांची ताई बरणी पोटाशी धरून बसली होती, आणि ते दिसताच त्यांचं हसू मावळलं.

ताईला मधुमेह होता, तोही रोज इन्सुलिन टोचावं लागणारा. बाबांचा नियम असा की अळी कोशात गेली की बरणी त्यांच्या ताब्यात द्यायची आणि औषध बंद करायचं. का, तर औषधाच्या वासानं कोश गुदमरतो. ताईच्या अळीनं नुकताच कोश केला होता.

"ताई, लहानपणापासून तू माझं ऐकत नाहीस ते नाहीस, पण आज ऐक," बाई तिच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणाल्या. "ती शिंगं शत्रूला घाबरवायला असतात. माझ्याकडच्या प्रत्येक अळीला आहेत."

"तुझ्या अळ्यांना कुणी श्रद्धेनं भरवलंय का?" ताईनं पाण्याचा तिसरा पेला रिकामा केला. "टोचून टोचून पोटाची चाळण झालीय गं, छोटे. थोडे दिवस मला त्या सुईशिवाय जगू दे."

बाईंनी भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी फ्रीजचं दार उघडलं, इन्सुलिनच्या बाटलीकडे पाहिलं आणि दार लावून टाकलं. "तिच्यापुढे माझं काय चालतं?" ते पुटपुटले. मनातून त्यांनाही बाबा खरे ठरायला हवे होते.

पुढच्या सभेला बाई स्वतःच्या घरची बरणी घेऊन थेट मंचावर चढल्या. त्यांच्या कोशातूनही फुलपाखरू आलं होतं, खाली तसाच लाल डाग होता.

"हा कुणाचा आजार?" बाबांनी गोड आवाजात विचारलं.

"माझ्या खोलीतल्या पंख्याचा. रोज त्याच्या नावानं पानं घालत होते."

सभागृह हसलं. बाबाही हसले. "मग काय, पंखा आता कुरकुरत नसेल!"

यावर तर हशाचा नुसता स्फोट झाला. बाई घसा ताणून सांगत राहिल्या, की बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोश काळपट पडतो, आतले पंख दिसू लागतात. असा कोश दिसला की बाबा तेवढ्याच लोकांना बोलावतात. ज्यांचा कोश मरतो त्यांच्या बरणीत मागच्या खोलीतला दुसरा ठेवतात. टाळ्यांमध्ये त्यांचा एकही शब्द कुणाच्या कानी गेला नाही.

कारण ताईचा कोश उकलला होता. फुलपाखरू बाहेर आलं, थेंब पडला, आणि ताई खुर्चीतून घसरून खाली कोसळली.

"हात लावू नका!" बाबा ओरडले. "आजार निघतोय!"

आणि खरंच कुणी हात लावला नाही. ताईचा श्वास खोल, भराभर चालला होता. लोक हात जोडून उभे होते, आणि बाई कोपरांनी वाट काढत, किंचाळत तिच्यापर्यंत पोचल्या. ताईला उचलायला पुढे आला तो एकटा पोस्टमन.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "साखर भयंकर वाढलीय. उशीर केलात." आणि ते पुन्हा आत गेले.

बाकावर भावोजींच्या मुठीत अजून सभेतला तो रुमाल होता, ताईच्या फुलपाखराचा थेंब पडलेला. "मग हे लाल काय आहे?"

"कोशात असताना त्याला शी करता येत नाही, भावोजी. साठलेली सगळी बाहेर आल्यावर टाकतं."

भावोजी रुमालाकडे बघत राहिले. "ती शुद्धीवर येईल ना?"

फुलपाखराची खडान्‌खडा माहिती असलेल्या बाईंना हे मात्र ठाऊक नव्हतं.

एवढ्यात सभागृहातली एक शिंपीणबाई चौकशीला आली. फिट्सचा त्रास असलेली. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "फुलपाखरं पाळा, खुशाल पाळा. फार सुंदर असतात. पण फुलपाखरू तुमच्यासाठी बाहेर येत नाही हो, त्याची वेळ झाली की येतं. तुम्ही बऱ्या असा, आजारी असा, नाहीतर जिवंतच नसा, तरी येतं. त्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नका. कुणी काही सांगितलं तर आधी विचारा, की आजारी नसलेल्या माणसाच्या बरणीत काय होतं?"

शिंपीणबाईनं सगळं मन लावून ऐकलं. तिला पटलंही असावं, कारण तिचे डोळे भरून आले.

"खरंय तुमचं, बाई," ती म्हणाली. "पण माझा कोश उद्या उघडणार आहे, बाबांचा निरोप आलाय. फक्त उद्यापर्यंत थांबले, तर चालेल ना?"