बरणीतला कुंदन

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सांजेला लिंबायतच्या एका गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. हिलालच्या खोलीत त्याच्या गेलेल्या पोराच्या, कुंदनच्या, नावाची पहिली घागर मांडलेली, वर खरबूज, बाजूला सांजोऱ्या. पण घागरीकडे बघतो कोण? सगळ्यांचे डोळे शेजारच्या काचेच्या बरणीवर. ती बरणी आणून देणाऱ्या खाडीबाबाने लाइट बंद करायला लावली आणि बरणीच्या डाव्या अंगाला पणती धरली.

"कुंदन, ये बेटा. तुझी माय वाट बघतेय."

पाण्यातले पांढरे कण, खसखशीहून बारीक, टुणटुण उड्या घेत पणतीकडे सरकले. पणती उजवीकडे गेली, कणही उजवीकडे. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"चाखून बघ, माय," बाबा म्हणाला. "तुझ्याच आसवांचं पाणी आहे."

शोभाबाईने बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी खारट होतं. झालं! सगळी गल्ली ढसाढसा रडली. बाबाची नजर तेवढी दक्षिणेच्या थाळीवर होती.

एकोणीस वर्षांचा कुंदन गेल्या पावसाळ्यात हजीऱ्याच्या खाडीत पोहायला उतरला, तो वर आलाच नाही. देहही सापडला नाही. तेव्हापासून हिलालला नळाचं पाणी पडतानाही ऐकवत नसे. पोरगा बरणीत आहे हे त्याला पटत नव्हतं आणि नाही म्हणायची छातीही होत नव्हती. बरणीकडे पाठ करून जेवायला बसला, तरी कोणीतरी मागून बघतंय असं वाटून तो वळून बघायचा.

बाबाची अट एकच. घरात दवा आणायची नाही, दवेच्या वासाने कुंदनचा जीव बरणीतून निघून जाईल. आणि आखाजी होते न होते तोच धाकटी लेक वर्षा तापाने फणफणली. हुडहुडीने तिचे दात वाजत होते. शोभाबाई तिच्या कपाळाला अंगारा लावी आणि पुन्हा बरणीकडे तोंड करून बसे.

"कुंदननी माय, पोरले डाक्टरकडे लई जाऊ," हिलाल म्हणाला.

"आनि मना कुंदन गया तर?"

थर्मामीटर तरी आणावा म्हणून तो शालिग्राम मास्तरांकडे गेला. मास्तर मराठी शाळेत विज्ञान शिकवत. संसार केला नाही, पण घरात समुद्र पाळला होता. काचेच्या पेटीत खारं पाणी, प्रवाळाचे खडक आणि कोळ्याच्या जाळ्यात आलेला एक समुद्रघोडा. हिलाल दारातून आत आला आणि थबकला. खिडकीत तीन बरण्या होत्या. तिन्हींत तेच पांढरे कण, उजेडाच्या बाजूला दाटीवाटीने चिकटलेले, उड्या मारणारे.

हिलाल एका बरणीवर वाकला.

"मास्तर," तो कसाबसा म्हणाला, "ही कोणाची पोरं?"

मास्तर हसणार होते. पण त्याचा चेहरा बघून त्यांनी त्याला खाली बसवलं आणि सगळं विचारून घेतलं.

"हिलालभाऊ, हे कोपेपॉड. कोळंबीच्या जातीचे जीव. माझा समुद्रघोडा हलतं तेवढंच खातो, म्हणून घरी वाढवतो. उजेड दिसला की धावतात, तो त्यांचा स्वभाव. यांना शेवाळाचं हिरवं पाणी पाजावं लागतं, नाहीतर उपाशी मरतात. तुमच्याकडचे मरत नाहीत?"

"कमी होतात. मग बाबा येतो, बरणी कफनीखाली घेऊन मंत्र म्हणतो. बाहेर काढली की पुन्हा भरलेली."

"कफनीखाली दुसरी बरणी असणार. त्याची झोपडी इच्छापोरला खाडीच्या काठी, नाही का? त्या पाण्यात हे जीव असतातच. मग पाणी खारट लागायला आसवं कशाला हवीत?"

हिलालला राग आला नाही. तो रडला. नाही नाही म्हणता त्यानेही त्या बरणीत पोरगा ठेवलाच होता, तो आज दुसऱ्यांदा बुडाला.

मास्तर आपली एक बरणी घेऊन सोबत आले. शोभाबाईसमोर दोन्ही बरण्या शेजारी ठेवल्या, लाइट घालवली, टॉर्च लावला. दोन्हींतले कण उजेडाकडे धावले. ना मंत्र, ना हाक. शोभाबाई आपला पोरगा शोधत या बरणीकडून त्या बरणीकडे बघत राहिली.

"यामा मना कोनता?"

कोपऱ्यात वर्षा कण्हली.

"वर्षानी माय," हिलाल म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या नावाने त्याने तिला कधी हाक मारली नव्हती. "पोर तापेल शे."

शोभाबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मी दोन्हीस्नी माय शे," ती म्हणाली, आणि उठून तिने वर्षाला कडेवर घेतलं.

डॉक्टरने रक्त तपासलं, मलेरिया निघाला. गोळ्यांनी ताप उतरला. पुढच्या खेपेला बाबा आला तेव्हा शोभाबाईनेच त्याची कफनी ओढली. दुसरी बरणी सगळ्या गल्लीने पाहिली. पहिली बरणी हिलालने हजीऱ्याला नेऊन खाडीत ओतली. पाणी पडल्याचा आवाज त्याने उभं राहून पुरा ऐकला.

गेलेलं माणूस दिव्याकडे धावत येत नाही, मायबापहो. दुःख खरं असतं, म्हणूनच त्यावर धंदा चालतो. कोणी तुमचं माणूस बरणीत दाखवलं तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, बाबा, पाणी कुठून आणलं? आणि घरात कोणी तापलं असेल तर आधी डॉक्टरकडे जा.