मला चाळू नका

मी परसातली माती बोलतेय. नाक मुरडू नका, तुमच्या पानातली भाजी माझ्याच अंगावर वाढते.

या घरच्या निवृत्त मास्तरांनी मला लाडाने सांभाळलं. खत घातलं, भुसभुशीत केलं, शेजाऱ्यांपुढे मिरवलं. मग पूर आला. गल्लीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं दुकान होतं. पाण्याने ते धुऊन काढलं आणि सगळी घाण माझ्या पदरात टाकली. पाणी ओसरलं तर मास्तर खूश! पुराचा गाळ म्हणजे सोनं, म्हणाले आणि स्वतः फावड्याने वाफ्यात पसरला. सोनं कसलं डोंबलाचं!

पुढे माती तपासणारा माणूस दारात आला, आणि मास्तरांना माझी लाज वाटली. मी काळीकुट्ट, चिकट, वर तेलकट वास. असलं ध्यान परक्यापुढे कसं न्यायचं? त्यांनी गच्चीवरच्या कुंडीतली विकतची माती घेतली, दोनदा चाळली, खडे वेचले आणि बशीतून पुढे केली. माती उत्तम ठरली. मास्तर गल्लीभर सांगत सुटले. शिकवण्यात जन्म गेला, पण परीक्षेला भलतंच पोर बसवलं!

घरात सून गरोदर. तिला रोज माझ्यावरचा पालक. लोह असतं यात, म्हणत मास्तर आग्रहाने वाढायचे. माया खरी होती हो, म्हणून तर मला जास्त राग यायचा. तिचं पोट दुखायचं, डोकं धरायचं. सासूबाई म्हणायच्या, या दिवसांत व्हायचंच.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. त्यात शिसं निघालं. मग भांडी बदलली, भिंतीचा रंग खरवडला, नळाला दोष दिला. माझ्याकडे कोण बघतो? मी पहिल्या नंबराने पास!

आज सुनेनेच त्या माती तपासणाऱ्याला पुन्हा बोलावलंय. मास्तर चाळणी घेऊन गच्चीकडे निघाले, तेवढ्यात ती अवघडत परसात आली.

"बाबा, कुंडीतली नको. इथली द्या."

"अगं, ही चारचौघांत दाखवण्यासारखी नाही."

"मग खाण्यासारखी आहे?"

मास्तरांनी चाळणी जिन्यातच खाली ठेवली.

पोरी, घे खुरपं. पालकाच्या मुळाशी खण आणि आहे तशी ने मला, खड्यांसकट, वासासकट. उद्या मला नापास करून गाडीत भरून नेतील, नेऊ देत. पण आजची जुडी तेवढी चुलीवर चढवू नकोस, बाई.