भिकुचा कडा

‘रा’च्या कान्यावर माशी चिकटली होती. पाय ओल्या पिवळ्या रंगात रुतलेले, पंख मात्र अजून फडफडत होते… आणि मंदाबाई हातातला पेला तसाच धरून ओट्यावर वाळत घातलेल्या त्या पाटीकडे पाहत राहिली. काढावी का? काढली तर कान्यावर ओरखडा उठणार, मग नवरा लीलाधर ओरडणार, की पाटीला हार घालायला धुळ्याहून साहेब यायचे आहेत आणि तुला आजच बोटं घालायची सुचली. उठू दे ओरखडा. अख्खी पाटीच चुलीत घातली तर काय बिघडेल? चांगलं सागाचं लाकूड आहे, दोन वेळचा स्वयंपाक होईल. म्हणे ‘राणीचा कडा’! कुठली राणी? या मोरबारीत राणी राहू द्या, पायात जोडा घालणारी बाईसुद्धा कधी कुणी पाहिली नव्हती.

काय होतं इथं? सातपुड्यातली एक बारी, म्हणजे खिंड, चार गल्ल्या, आणि मंगळवारचा बाजार. त्या दिवशी डोंगरातले पावरे आदिवासी चारोळी आणि धावड्याचा डिंक घेऊन यायचे, मीठ आणि कापड घेऊन जायचे. जब्बारचाचाच्या वखारीसमोर डिंकाच्या गोण्यांची रास लागायची आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर बैलांच्या घंटा वाजत राहायच्या. मग कुणा गोऱ्या साहेबाला इथली हवा गोड लागली. त्यानं ओढा अडवून तळं केलं, तळ्याकाठी बंगला बांधला, आणि उन्हाळा आला की होडीत बसून मासे धरू लागला. पुढे स्वराज्य आलं, साहेब गेला, बंगल्यावर झेंडा लागला, सगळे पेढे वाटत सुटले. मग सडक आली. सडक आली की गावाचं सोनं होणार म्हणत होते सगळे… सोनं! खालच्या नाक्यावर ट्रक उभे राहिले, डिंक तिथूनच परस्पर धुळ्याला जाऊ लागला, मंगळवार ओस पडला. जब्बारचाचानं वखारीला कुलूप घातलं आणि म्हातारपणी तळ्याभोवती शहरातल्या लेकरांना घोड्यावर फिरवू लागला. गावाकडे विकायला उरलं काय, तर वारा, तळं आणि कडा. लीलाधरनं किराणा मोडून उपाहारगृह काढलं. नुसत्या चहाभज्यांवर माणूस थांबत नाही हे त्याला लवकर उमगलं. म्हणून त्यानं राणी आणली.

राणी चंपावती. हिरवा शालू नेसलेली, गळ्यात टपोऱ्या मोत्यांची माळ. शत्रूचा वेढा पडतो, राजा पडतो, आणि मावळतीच्या वेळी ही बया कड्यावरून उडी घेते. मावळतीच्याच का? तर धुळ्याची परतीची एस.टी. तेव्हा असते, आणि त्याआधी चहाची एक फेरी होते म्हणून! पहिल्यांदा त्याच्या तोंडून हे ऐकलं तेव्हा हसू आलं होतं मला. खरंच हसले होते मी. पुढच्या खेपेला राणीला पैंजण आले, त्याच्या पुढच्या खेपेला पोटात मूल आलं, आणि बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. मग माझं हसू गेलं ते गेलंच.

कारण तो कडा भिकुअक्काचा आहे. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा.

आईची आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून हिला देवाकडून भीक मागून घेतलेली, आणि नाव ठेवलं ते तेच. काळीसावळी, पुढचे दोन दात किंचित वर, हसली की हात तोंडावर न्यायची… त्या वर्षी पाऊस रुसला होता, विहिरींचे तळ लागले होते, आणि तळं काठोकाठ. पण तळं साहेबाचं. साहेबाच्या होडीला पाणी लागतं ना! काठावर शिपाई उभा, घागर दिसली की दांडका उगारायचा. मग गावच्या बायका कड्याच्या पोटातल्या झिऱ्यावर पाण्याला जायच्या. उतरायला पाऊलभर रुंदीची वाट. डोक्यावर घागर, काखेत कळशी, एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. अक्का पुढे, मी मागे. ती म्हणाली, “मंदे, खाल देखू नको.” मी खाली पाहिलं नाही. वर पाहिलं, तेव्हा पुढे वाट होती आणि अक्का नव्हती. ओरडलीसुद्धा नाही. घागरीचा आवाज मात्र कितीतरी वेळ येत राहिला.

जब्बारचाचा आणि आणखी काही जणांनी तिला घोंगडीत घालून वर आणलं. साहेब त्या दिवशीही मासे धरत होता. पुढे आया पोरींना म्हणू लागल्या, भिकुच्या कड्याकडे जाऊ नको गं. कुणी ठरवून ठेवलं नाही, पाटी लावली नाही, नाव आपसूक पडलं. एवढंच तर राहिलं होतं तिचं. ना तसबीर, ना लेकरूबाळ. आणि ते हा माझा नवरा रंगाच्या डब्यात बुडवून पुसून टाकतो, आणि वर मलाच सांगतो, पाटीवर सावली पडू देऊ नको!

“पाटीवर राणीनं नको, भिकुअक्कानं नाव लिखा,” सकाळीच मंदाबाई नवऱ्याला म्हणाली होती. “बस, इतलंच.”

लीलाधर दाढी करत होता. आरशातूनच बोलला, “भिकुना कडा देखाले कोन येई? लोकेसले राणी लागस. आपलं पोट त्यावरच भरस ना?”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण पीठ मळायचं होतं, कांदे चिरायचे होते, भजी करायची होती… आणि पोट त्यावरच भरत होतं, हेही खरं होतं. तेच जास्त झोंबलं.

दुपारी एस.टी. आली. धुळ्याचे साहेब उतरले, आणि देवपूरच्या शाळेतल्या काही मास्तरीणबाया, उन्हातसुद्धा स्वेटर घातलेल्या. पाटी कड्यावरच्या खांबावर चढली, साहेबांनी हार घातला, टाळ्या झाल्या. मंदाबाई चहाची किटली घेऊन मागे उभी होती. लीलाधरनं घसा खाकरला, घरची बोली खुंटीला टांगून ठेवल्यासारखा तो आता पुस्तकी बोलू लागला. “मंडळी, हीच ती जागा! सूर्य अस्ताला जात होता. राणीनं एकवार आपल्या प्रजेकडे पाहिलं…” आणि हात करून त्यानं नेमकी ती वाट दाखवली. तीच. पाऊलभर रुंदीची.

“खोटं आहे!”

आपणच ओरडलो हे मंदाबाईला सगळे वळून बघू लागले तेव्हा कळलं. सगळं सांगायचं होतं… शिपाई, दांडका, काठोकाठ तळं, आई, घोंगडी… पण बाहेर पडलं ते एवढंच : “इथून भिकु पडली. पाणी न्यायला आली होती. भिकु तिचं नाव.”

एक मास्तरीणबाई हळूच म्हणाली, “अगं बाई! म्हणजे राणीची दासी का हो?”

आता बोल, मंदे. म्हण, माझी बहीण. दोन शब्द आहेत.

पण लीलाधर कसला थांबतोय. “हो, बाई! दासी भिकु,” तो म्हणाला, एवढ्या सहजपणे, की जणू जन्मभर हेच सांगत आला असावा. “वेढ्यात राणीला तहान लागली. सगळे जिवाला भ्याले. भिकु एकटी घागर घेऊन उतरली.”

मेल्या! जीभ कशी झडत नाही तुझी? अक्कानं कुणाची तहान भागवली रे? घरात आई तापानं फणफणली होती, तिच्यासाठी गेली होती ती. किटली तुझ्या टाळक्यात घालते बघ, थांब…

आणि त्या मास्तरीणबाईनं चष्मा काढला. पदरानं डोळे पुसले. “राणीचं काय हो, राण्यांच्या गोष्टी होतातच,” ती शेजारणीला म्हणाली. “पण ही बिचारी भिकु! पाण्यासाठी गेली हो पोर.” शेजारीणही म्हणाली, भिकु. साहेबांनीही मान हलवून नाव नीट विचारून घेतलं, भिकु ना? वाऱ्यावर ते नाव या तोंडातून त्या तोंडात गेलं, आणि मंदाबाई ऐकत राहिली. आई गेल्यापासून अक्कासाठी कुणी रडलं नव्हतं. मीसुद्धा नाही, मी नुसती चिडले, वर्षानुवर्षं चिडत राहिले. या परक्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी तर खरं होतं. खोट्यासाठी आलेलं, पण खरं. तिचं थोबाडही फोडावंसं वाटलं मला आणि तिला पोटाशीही धरावंसं वाटलं.

तिनं चहा ओतला. एक, दुसरा, तिसरा पेला. लीलाधर तिच्याकडे बघायचं टाळत होता. भ्यालाय. भिऊ दे. घरी गेल्यावर असा फाडून खाते की राणी आठवणार नाही याला. आत सगळं तसंच पेटलेलं होतं, तसूभरही कमी झालं नव्हतं. फक्त त्या जाळातून भलताच विचार वर आला, आणि तो आपलाच आहे हे कळल्यावर तिला स्वतःची शिसारी आली… उद्याच्या गाडीच्या माणसांना सांगताना हा अक्काचं नाव विसरला तर?