आंबट माती

मंगळीनं डोक्यावरचा पाल्याचा भारा वाफ्यात टाकला आणि फांद्या पायानं दाबून पसरू लागली. कृष्णकांत सावे बांधापाशी थांबला. तो सफाळ्याकडचा ग्रामसेवक होता. टेकडी चढून आल्यानं त्याला धाप लागली होती.

"यंदा राब भाजतेस?"

"मग? तुमचं पोत्यातलं खत नको आता."

दोन वर्षांपूर्वी त्यानंच तिच्या नवऱ्याला, जिवल्याला, राब, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर पाला-फांद्या पसरून भाजणं, बंद करायला लावलं होतं. जंगल तोडून जाळायचं कशाला, सुपरफॉस्फेट टाक, असं म्हणाला होता. जिवल्यानं ऐकलं. पाड्यावर राब भाजणाऱ्या सगळ्यांची रोपं उठली. त्याची बोटभर होऊन थबकली. त्या साली भात झालंच नाही. दिवाळीनंतर जिवल्या वैतरणेच्या खाडीत रेतीच्या होडीवर कामाला गेला. भरलेली होडी ओहोटीत कलंडली, जिवल्या बुडाला.

कृष्णकांतनं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"या वाफ्यातली माती मी तपासायला पाठवली होती. आत्ता उत्तर आलं."

"काय लिवलंय?"

"माती आंबट आहे. तिच्यातलं लोखंड रोपाला लागणारं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, धरून ठेवतं, रोपाला सोडत नाही. पोत्यातलं खतही तिनं तसंच धरलं. राबाच्या राखेनं आंबटपणा मोडतो, तेव्हा कुठं थोडं सुटतं." तो अडखळला. "तुमचंच बरोबर होतं. चूक माझी. जिवल्याची नाही."

मंगळीचा पाय फांदीवरच थांबला.

"म्हंजे माती चांगली हाय?"

"चांगली आहे. राख मिळाली की देते."

"आन् त्याचा हात?"

"हाताचा काय संबंध?"

ती खाली बसली. एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडत राहिली.

"मी बोलले व्हते त्याला," ती हळूच म्हणाली. "माती सगल्यांची एकच, तुज्याच हाताला गुण नाय. चार मान्सांसमोर बोलले. तो दुसऱ्या दिशी होडीवर गेला."

 कृष्णकांतनं कागद पुढे केला. तिला वाचता येत नाही हे लक्षात येऊन हात मागे घेतला.

झोपडीच्या ओट्यावरून जिवल्याच्या आईनं, बुधीनं, हाक मारली. म्हातारीला दिसत नव्हतं. वाफ्यातल्या मातीनंच आपला पोर खाल्ला, असं ती वर्षभर पाड्यावर सांगत होती, आणि मंगळीला बोल न लावता तिच्या हातची भाकर खात होती.

"कोन आलाय गं? मातीचं काय म्हंतो?"

कृष्णकांत ओट्याकडे वळला. सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. मंगळी उठली आणि त्याच्याआधी मोठ्यानं बोलली,

"वायट हाय म्हंतो, आये. मातीच वायट हाय."

मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. कृष्णकांतनं कागदाची घडी घातली.

"हो, आजी," तो म्हणाला. "मातीच."