नो इश्यू

साधनाचं पोट दुखायचं ते जेवणानंतर, उजव्या बरगडीखाली. दर्यापूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत म्हणून सांगितलं आणि अमरावतीला पाठवलं. मळ्यातला झेंडू तोडणीला आला होता. तो जावेवर सोपवून ती नवऱ्याबरोबर, मनोजबरोबर, एसटीनं आली आणि एका खाजगी दवाखान्यात भरती झाली.

मनोज औषधं आणायला खाली गेला, तेव्हा पलंगाला अडकवलेली फाइल तिनं वाचायला घेतली. दहावीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षर लावून लावून वाचता यायचं. वरच्याच ओळीत तिचं नाव, वय सेहेचाळीस, लग्नाला चोवीस वर्षं, आणि पुढे ‘नो इश्यू’. हा शब्द तिच्या चांगल्या ओळखीचा. मोबाइलच्या दुकानात, बँकेत, भाच्याच्या तोंडी तो येता-जाता ऐकू यायचा. म्हणजे काही भानगड नाही. तिचा जीव हलका झाला. मनोज आल्यावर तिनं त्याला ती ओळ दाखवली. ऑपरेशन टळतंय की काय, म्हणून त्यानं सिस्टरलाच विचारलं.

सिस्टर गीतांजली अकोल्याची. तिनं फाइल पाहिली, मग साधनाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू, इथं इश्यू म्हणजे लेकरू. मूलबाळ नाही, असं लिहिलंय ते."

सकाळी शिकाऊ डॉक्टरनं मुलं किती म्हणून विचारलं होतं आणि मनोजनं नाहीत म्हणून सांगितलं होतं. साधनाही परक्या बायकांना तेच सांगायची. पण बावीस वर्षांपूर्वी अकोल्याच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली होती. अकरा दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसं करायचं होतं, त्यामुळे नावही पडलं नाही. तोंडानं नाही म्हणणं निराळं. कागदावर कुणी तसं लिहून ठेवावं, हे मात्र तिला सोसेना.

"हे बदलून घ्या," ती म्हणाली.

खड्याच्या ऑपरेशनशी त्याचा काय संबंध, असं मनोज म्हणाला. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, बाळंतपणाच्या दोन-चार गोष्टी विचारल्या आणि त्या शब्दांवर आडवी रेघ मारून वर नवीन ओळ लिहिली. त्या गेल्यावर साधनानं सिस्टरकडून त्या ओळीचा अर्थ समजून घेतला: एक मुलगी, अकराव्या दिवशी मृत्यू.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, नीट झालं. तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली आणि छापील कार्ड हातात आलं. त्यावर पुन्हा ‘नो इश्यू’. कॉम्प्युटरमध्ये पहिलंच राहून गेलं होतं. खिडकीतल्या कारकुनानं सांगितलं की यानं उपचारात काही फरक पडत नाही, आणि ऑपरेटर जेवायला गेलाय. दीडची गाडी गाठायची होती. साधना टाक्यांवर हात धरून बाकावर बसली.

मनोजनं दाराकडे पाहिलं. मग पिशवी तिच्याशेजारी ठेवून तो खिडकीपाशी गेला.

"आमाले एक मुलगी झाली होती," तो म्हणाला. "अकरा दिवस होती. तेवढं लिहा."

इतक्या वर्षांत त्यानं हे कुणाला सांगितलेलं साधनानं ऐकलं नव्हतं. कारकुनानं ऑपरेटरला फोन लावला.

गाडी निघून गेली. मनोज बाकावर येऊन बसला. म्हणाला, "मी तिचं नाव मनात धरलं होतं. सायली."

"नाव तं तुमच्या बहिणीनं ठेवायचं होतं."

"हो. पण मी धरलं होतं."

पाऊण तासानं दुरुस्त केलेलं कार्ड आलं. साधनानं ते बोट ठेवून वाचलं, घडी करून पिशवीत ठेवलं. मग दोघं हळूहळू चालत दर्यापूरची जीप पाहायला निघाले.