राजहंसाचं टिंब

मित्रांनो, मी मोटारींच्या एका कंपनीची जुनी पाटी आहे. जाड पत्र्यावर एनॅमलचा लेप देऊन मला भट्टीत भाजलं, तेव्हा निळ्या अंगावर पांढरी अक्षरं उमटली : 'राजहंस मोटारी'. ती कंपनी केव्हाच बुडाली. मी पडले तावूनसुलाखून निघालेली, म्हणून टिकले.

एका मिस्त्रींच्या गॅरेजच्या दारावर मला लावलं होतं. गिऱ्हाईक मला बघून आत वळलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. मिस्त्रींची लेक शाळेतून थेट गॅरेजात यायची. एकदा बाबा कामात गुंतून तिच्या शाळेच्या कार्यक्रमाला आले नाहीत, म्हणून तिने रागाने पाना भिरकावला. तो नेमका माझ्या 'हं'वर बसला आणि वरच्या टिंबाचा टवका उडाला. मला फार दुखलं. पोरगी घाबरून रडायला लागली. मिस्त्री मात्र हसले.

"वाच बघू आता," ते म्हणाले. "राज, हस. पाटीसुद्धा तुलाच सांगतेय."

तेव्हापासून तिचं नाव राजच पडलं. तिचं काही बिनसलं की मिस्त्री नुसतं माझ्याकडे बोट दाखवायचे, आणि ती नाक फुगवून का होईना, हसायची.

पुढे मिस्त्री वारले. राज परगावी होती. ती पोहोचेपर्यंत जागेच्या मालकाने गॅरेज रिकामं करून मला भंगारात दिलं होतं.

भंगारातून मला पाटीकाकांनी उचललं. जुन्या मोटारींचे बिल्ले, चिन्हं, पाट्या जमवायच्या आणि हौशी लोकांच्या बाजारात त्यांची अदलाबदल करायची, हा त्यांचा नाद. त्यांची माया खोटी नव्हती. मऊ फडक्याने त्यांनी माझा गंज काढला आणि बारीक ब्रशाने ते टिंब भरलं, इतकं बेमालूम की शेजारच्या अक्षरांनाही कळू नये.

पुढच्याच बाजारात एक बाई पाटी न् पाटी बघत आमच्या टेबलाशी आली. केस पिकू लागले होते, तरी मी तिला लगेच ओळखलं. ती राज होती.

"काका, माझ्या बाबांच्या गॅरेजवर अशीच पाटी होती. कधीची शोधतेय." तिने माझ्या 'हं'वर बोट ठेवलं. "पण तिचं टिंब उडालेलं होतं. हिला रंगबिंग लावलाय का हो?"

या हौशी मंडळींत रंग लावलेली पाटी विकायला ठेवणं म्हणजे नाक कापून घेणं. शेजारचे दोघे कान देऊन ऐकत होते.

"छे हो, ताई," पाटीकाका म्हणाले. "अस्सल आहे. ब्रशसुद्धा लागलेला नाही."

"मग ही नव्हे," ती म्हणाली आणि पुढे गेली.

मला तोंड असतं तर मी टाहो फोडला असता. पाटीकाका तिच्या मागे गेले, पण उठायला त्यांनी फार वेळ लावला. गर्दीत ती कुठेच दिसली नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणलीत तर तिचा टवका बुजवण्याआधी जरा थांबा. तो कुणाच्या तरी जिवाचा असतो. आणि बुजवलातच, तर विचारणाऱ्याला खरं सांगा. हल्ली मी काचेच्या कपाटात असते, येणारा-जाणारा माझी तारीफ करतो. माझी राज मात्र मला अजून बाजारोबाजार शोधत असेल, आणि तिचं मला एकदा पाहून झालं आहे.